क्रीडा दिनविशेषाचा फलक चुकू नये म्हणून: १४ ऑगस्ट धरून कच्च्या यादीपासून परिपाठापर्यंत

नाशिकमधल्या शाळांच्या व्हरांड्यात, तालमींच्या दारात आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी दिनविशेष लागतो. खेळांचा दिनविशेष असला की मुलं थांबून वाचतात, आणि वाचलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. म्हणूनच त्यातली चूक मला लागते. दिवंगत खेळाडूला वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुढे ढकललेल्या सामन्याची मूळ तारीख, इंदूरला जन्मलेल्या बुद्धिबळपटूचा जन्म नाशिकचा, असल्या चुका दरवर्षी तशाच्या तशा उतरवल्या जातात.

हे आळसामुळे होत नाही, कामाचा क्रम उलटा असतो म्हणून होतं. रात्री फोनवर एक यादी सापडते, सकाळी ती फळ्यावर उतरते आणि खात्री करायचं कुणीतरी विचारल्यावर सुचतं. खाली क्रम सुलटा करून दिला आहे. उदाहरणासाठी १४ ऑगस्ट घेतला आहे, कारण बहुतेक सगळ्या अडचणी या एकाच तारखेत भेटतात.

## १. तयारी: आठ दिवस आधी वही घाला

एक फुलस्केप रजिस्टर घ्या. सुटे कागद नकोत आणि फोनमधली टिपणंही नकोत, कारण पुढच्या वर्षी ती सापडत नाहीत. पानावर सहा रकाने आखा: वर्ष, व्यक्ती किंवा संघ, नेमकं काय घडलं, कुठे घडलं, कुठे वाचलं, कुणी तपासलं. पाचवा रकाना रुंद ठेवा, त्यात दोन नोंदी मावल्या पाहिजेत.

माणसं दोन लागतात. एकाने गोळा करायचं, दुसऱ्याने तपासायचं. शाळेत क्रीडाशिक्षक आणि ग्रंथपाल ही जोडी उत्तम जमते. एकट्यानेच करायचं असेल तर गोळा करणं आणि तपासणं यांत निदान एक रात्र जाऊ द्या. स्वतःच्या हाताने नुकतंच लिहिलेलं सगळं खरंच वाटतं.

आठ दिवस आधी म्हणजे ६ ऑगस्टला सुरुवात करा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी सार्वजनिक वाचनालयात, आपल्या सावानात, जायचं असेल तर कोणत्या वर्षांचे अंक पाहायला मिळतील हे आधी विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जात नाही.

## २. कच्ची यादी: निवड न करता सगळं लिहा

या टप्प्यावर काहीही गाळू नका आणि कशावरही विश्वास ठेवू नका. १४ ऑगस्टची कच्ची यादी अशी होते:

- १९३६: बर्लिन ऑलिम्पिक, हॉकीचा अंतिम सामना, भारत विजयी
- १९४८: डॉन ब्रॅडमन शेवटच्या कसोटी डावात शून्यावर बाद
- १९५९: बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन, जन्म
- १९६२: पाकिस्तानचा सलामीवीर रमीझ राजा, जन्म
- १९६८: क्रिकेटपटू प्रवीण आमरे, जन्म
- १९८४: खाशाबा जाधव, निधन
- १९९०: सचिन तेंडुलकरचं पहिलं कसोटी शतक
- २०१६: रिओ ऑलिम्पिकमध्ये दीपा कर्माकर जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्ट प्रकारात चौथी, त्याच दिवशी उसेन बोल्टचं १०० मीटरचं सुवर्ण

यादी झाली की प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर घाला: ज, नि किंवा घ. जन्म, निधन आणि घटना या तिन्हींची तपासणी वेगवेगळ्या पद्धतीने होते, म्हणून ही खूण आत्ताच हवी.

खबरदारी: या यादीतली एक नोंद चुकीची आहे. ती कोणती हे पुढच्या टप्प्यात कळतं, पण नुसती यादी वाचून कळत नाही. म्हणून यादी थेट फळ्यावर न्यायची नाही.

## ३. तारीख पक्की करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीन बैठकांचं काम असेल तर दोन याच टप्प्याच्या.

ठरलेला दिवस आणि झालेला दिवस. काही वर्षांपूर्वी शाळेच्या फलकावर मी १४ ऑगस्टला बर्लिनचा हॉकी विजय लिहिला. एका विद्यार्थिनीचे आजोबा तिला सोडायला आले होते. त्यांनी छत्री मिटली, फलक पूर्ण वाचला आणि म्हणाले, "सर, त्या दिवशी तिथे पाऊस होता. मॅच दुसऱ्या दिवशी झाली." ते बरोबर होते. अंतिम सामना १४ ऑगस्टला ठरला होता, पावसाने मैदान खेळण्याजोगं राहिलं नाही आणि ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असं हरवलं ते १५ ऑगस्ट १९३६ रोजी. मी ज्या यादीवरून उतरवलं होतं तिने बहुधा कार्यक्रमपत्रिकेतली तारीख उचलली असावी. तेव्हापासून घटनेच्या प्रत्येक नोंदीला मी एक प्रश्न विचारतो: ही तारीख ठरलेली की झालेली?

कुठली तारीख? रिओ आपल्या साडेआठ तास मागे आहे. दीपाची अंतिम फेरी तिथल्या दुपारी झाली, म्हणजे भारतात १४ ऑगस्टच्या रात्री. बोल्ट धावला तिथल्या रात्री १० वाजून २५ मिनिटांनी, म्हणजे नाशिकमध्ये १५ ऑगस्टची सकाळ, ६ वाजून ५५ मिनिटं, शाळांत झेंडावंदनाची लगबग चाललेली. दोन्ही स्पर्धा रिओच्या एकाच दिवशीच्या, पण आपल्याकडच्या आठवणीत दोन वेगळ्या दिवशीच्या. नियम एकच ठेवा: ज्या जागी खेळ झाला त्या जागेची तारीख लिहायची. भारतात तारीख बदलली असेल तर पुढे "भारतात १५ ची सकाळ" एवढं जोडायचं. नीरज चोप्राच्या पॅरिसच्या रौप्यपदकाला हेच लागू होतं. स्पर्धा ८ ऑगस्ट २०२४ ची, पण ८९.४५ मीटरची ती फेक आपण पाहिली तेव्हा इथे मध्यरात्र उलटून ९ तारीख लागली होती.

कसोटीचे पाच दिवस. कसोटी सामन्याची एक तारीख नसते. सचिनने शतक केलं ती मँचेस्टरची कसोटी ९ ऑगस्टला सुरू झाली होती, शतक झालं शेवटच्या दिवशी, १४ ला. धावफलकावर सहसा सामन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख असते. नेमका दिवस हवा असेल तर दिवसागणिक वृत्तांत शोधावा लागतो.

आकड्यांतली तारीख. अमेरिकन पद्धतीत महिना आधी येतो. १४ ऑगस्टला धोका नाही, कारण चौदावा महिना नसतो. पण ८/७/२०२१ असं कुठे दिसलं आणि तुम्ही ८ जुलै वाचलंत तर नीरजचं टोकियोचं सुवर्ण एक महिना आधी पडतं. ते आहे ७ ऑगस्टचं. मिल्खासिंग यांची रोमची ४०० मीटरची शर्यत ६ सप्टेंबर १९६० ची, तीही अशीच ९ जूनला जाऊन बसते. वहीत महिन्याचं नाव नेहमी अक्षरात लिहा.

वर्तमानपत्राची तारीख. दैनिकात बातमी दुसऱ्या दिवशी येते, हे सगळ्यांना माहीत असूनही कात्रणावरची तारीख तशीच उतरवली जाते. ऑगस्टमध्ये आणखी एक अडचण आहे. बहुतेक मराठी दैनिकांना १५ ऑगस्टची सुट्टी असते, त्यामुळे १६ चा अंक निघत नाही. रिओच्या त्या रात्रीची बातमी छापील अंकात शोधायची तर १७ चा अंक उघडावा लागतो, आणि तिथे "रविवारी" असं लिहिलेलं असेल तर कुठला रविवार हे दिनदर्शिका काढून पाहावं लागतं.

जन्मतारखा. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, कारण जूनमध्ये शाळा उघडायची आणि गुरुजी वय भरून टाकायचे. जुन्या मल्लांच्या किंवा कबड्डीपटूंच्या घरी विचारलं तर "नागपंचमीचा जन्म" असं सांगतात. दाखल्यावरची १ जून दिसली की घरच्यांना एकदा विचाराच. तिथी मिळाली तर त्या वर्षाच्या पंचांगावरून तारीख काढा, चालू वर्षाच्या कॅलेंडरवरून नव्हे. मिल्खासिंग यांच्यासारख्या नामवंताच्याही एकाहून जास्त जन्मतारखा छापल्या गेल्या आहेत. अशी नोंद जन्मदिनाला घेऊ नका, त्या खेळाडूच्या एखाद्या पक्क्या कामगिरीच्या दिवशी घ्या.

फार जुन्या नोंदींत दिनदर्शिकाच वेगळी असू शकते. पहिलं आधुनिक ऑलिम्पिक ६ एप्रिल १८९६ रोजी अथेन्समध्ये सुरू झालं, पण ग्रीसमध्ये तेव्हा जुनी दिनदर्शिका होती आणि तिथल्या लेखी तो २५ मार्च होता.

तपासणी: प्रत्येक नोंदीला दोन स्वतंत्र आधार मिळाले का? विकिपीडियाचं इंग्रजी आणि मराठी पान हे दोन आधार नव्हेत, एकावरून दुसरं लिहिलेलं असतं. दोन दिनविशेष याद्या हेही दोन आधार नव्हेत. क्रिकेटला धावफलक आणि त्या दिवसाचा वृत्तांत, ऑलिम्पिकला अधिकृत निकाल आणि तेव्हाचं वर्तमानपत्र, अशी जोडी लावा. दुसरा आधार न मिळालेल्या नोंदीवर पेन्सिलने गोल करा. ती या वर्षी फळ्यावर जाणार नाही.

## ४. आकडे आणि "पहिला" हा शब्द

तारीख बरोबर असूनही वाक्य चुकीचं असू शकतं.

खाशाबा जाधव यांच्याबद्दल "ऑलिम्पिक पदक मिळवणारे पहिले भारतीय" असं सर्रास लिहितात. त्यांच्या कितीतरी आधी हॉकी संघाने सुवर्णं जिंकली होती, आणि १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताच्या नावावर नॉर्मन प्रिचर्ड यांची दोन रौप्यपदकं आहेत. बरोबर वाक्य असं: १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. "स्वतंत्र" आणि "वैयक्तिक" यांतला एकही शब्द जागा नाही म्हणून गाळू नका. एवढ्या मोठ्या माणसाचा मोठेपणा चुकीच्या वाक्यावर उभा करायची गरजच नाही.

जे मोजता येतं ते मोजून पाहा. सचिनचं वय तेव्हा १७ वर्षे ११२ दिवस, असं वाचायला मिळतं. २४ एप्रिल ते १४ ऑगस्ट मोजा: एप्रिलचे ६, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे १४. बेरीज ११२. जमलं.

ब्रॅडमन यांची सरासरी ९९.९४. कसोटी धावा ६९९६, डाव ८०, नाबाद १०. म्हणजे ७० ने भागायचं. आणखी चार धावा असत्या तर ७००० भागिले ७०, बरोबर १००. हा हिशेब सातवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवा, मुलं तो विसरत नाहीत. मात्र "शेवटचा डाव" हे शब्द जपून वापरा. १४ ऑगस्ट १९४८ ला ओव्हलवर एरिक हॉलीजने दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडवला तेव्हा तो शेवटचा डाव आहे हे ठरलेलं नव्हतं. इंग्लंडचा पहिला डाव ५२ धावांत संपला होता आणि पुढे ऑस्ट्रेलियाने डावाने सामना जिंकला, म्हणून ब्रॅडमनना पुन्हा बॅट धरावी लागली नाही. "हाच त्यांचा शेवटचा कसोटी डाव ठरला" असं लिहा. "ठरला" या एका शब्दाने वाक्य खरं होतं.

वेळेच्या आकड्यात घड्याळ कोणतं हेही पाहा. मिल्खासिंग यांच्या रोमच्या शर्यतीची वेळ कुठे ४५.६ तर कुठे ४५.७३ सेकंद दिसते. दोन्ही खऱ्या आहेत, पहिली हाताने दाबायच्या स्टॉपवॉचची आणि दुसरी विजेवर चालणाऱ्या यंत्राची. एका फलकावर एकच प्रकार वापरा.

## ५. वाढदिवस, जयंती, स्मृतिदिन

हयात व्यक्तीचा वाढदिवस किंवा जन्मदिन, दिवंगत व्यक्तीची जयंती. निधनासाठी "पुण्यतिथी" रूढ आहे, पण त्या शब्दात तिथी आहे. इंग्रजी तारखेने स्मरण करत असाल तर "स्मृतिदिन" नेमका बसतो. खाशाबांसाठी मी तोच लिहितो.

खबरदारी: ज्यांच्यापुढे "ज" आहे ते हयात आहेत का, हे आदल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पाहा. वर्षभर जुन्या वहीवर विसंबून शुभेच्छा देऊ नका. घरच्यांच्या नजरेस असा फलक पडला तर त्यांना काय वाटेल, याचा विचार करा.

वर्षांच्या मोजणीत नेहमी एकाचा फरक पडतो. जन्मापासून एक वर्ष पूर्ण झालं की पहिला वाढदिवस. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, म्हणून शंभर वर्षं १५ जानेवारी २०२६ ला पूर्ण झाली. त्याआधीचं वर्ष हे जन्मशताब्दी वर्ष. जयंती "शंभरावी की एकशे एकावी" यावर वाद होतो, त्यात न शिरता "जन्माला १०० वर्षे पूर्ण" असं लिहा. स्मृतिदिनालाही तसंच: १४ ऑगस्ट २०२४ ला निधनाला ४० वर्षे पूर्ण झाली.

आणि १५ जानेवारी व २९ ऑगस्ट यांची गल्लत करू नका. खाशाबांची जयंती हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन, मेजर ध्यानचंद यांची जयंती हा राष्ट्रीय क्रीडा दिन.

## ६. आता निवड करा

फळ्यावर चार नोंदी पुरेत. पाचवी वाचायला कुणी थांबत नाही. माझी १४ ऑगस्टची निवड: खाशाबा सगळ्यात वर, मग सचिन, दीपा, ब्रॅडमन. आमरेंचा वाढदिवस खाली एका ओळीत. त्यांच्यापुढे १९९२ चं डर्बनचं पदार्पणातलं शतक लिहिलं की नुसती तारीख राहत नाही. बोल्टला १५ तारखेच्या फलकावर "काल रात्री रिओत, आपल्याकडे आज सकाळी" असं घेता येतं, पण झेंडावंदनाच्या गर्दीत तो फलक वाचला जात नाही, म्हणून मी गाळतो. रमीझ राजा आणि मॅजिक जॉन्सन वहीत राहू द्या.

दीपाची नोंद काही जण "पदक नाही" म्हणून काढून टाकतात. मी काढत नाही. कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं, आणि प्रोदुनोव्हासारखी जोखमीची उडी घेऊन ती चौथी आली. शर्यतीत चौथा आलेला मुलगा प्रत्येक वर्गात असतो.

नाशिकची नोंद ओढूनताणून आणू नका. १४ ऑगस्टला पक्की स्थानिक नोंद नसेल तर जवळच्या तारखेची सूचना खाली द्या: "२४ ऑगस्टला वाचा: दत्तू भोकनळ." चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तूने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून रोइंगचं सुवर्ण मिळवलं त्याचा तो दिवस. स्पर्धा जकार्ता-पालेमबांग अशा दोन शहरांत होती आणि नौका पालेमबांगला चालल्या. फक्त "जकार्ता" लिहिलं तर चूक. धावपटू कविता राऊत सावरपाड्याची. तिच्यापुढे "नाशिक शहर" लिहून त्या पाड्याचं नाव पुसू नका. बुद्धिबळपटू विदित गुजराथी नाशिकचा, पण जन्म इंदूरचा, म्हणून "नाशिकमध्ये जन्म" लिहायचं नाही.

शाळेतल्या किंवा अकादमीतल्या मुलांच्या जन्मतारखा जाहीर फलकावर किंवा ग्रुपवर टाकू नका. त्यांच्या कामगिरीची तारीख टाका, तीही पालकांना विचारून.

## ७. लिहिणं आणि वाचणं

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर लिहा, सकाळच्या घाईत नको. ऑगस्टमध्ये व्हरांड्यात तिरपा पाऊस येतो आणि दमट फळ्यावर खडू उमटत नाही. फळा आधी कोरड्या फडक्याने पुसून अर्धा तास तसाच ठेवा. १४ ला सुट्टी आली तर १३ लाच "उद्याचा दिनविशेष" असा मथळा द्या.

वाक्याचा क्रम: वर्ष, जागा, व्यक्ती, काय घडलं. विशेषणं नकोत. नमुना:

> १९८४. पैलवान खाशाबा जाधव यांचा स्मृतिदिन. गोळेश्वर, ता. कराड. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांचं (हेलसिंकी, १९५२).
> १९९०. मँचेस्टर. सचिन तेंडुलकरचं पहिलं कसोटी शतक, नाबाद ११९. वय १७ वर्षे ११२ दिवस.
> २०१६. रिओ. दीपा कर्माकर, व्हॉल्ट, चौथी. १५.०६६ गुण.
> १९४८. लंडन, ओव्हल. डॉन ब्रॅडमन शून्यावर बाद. हाच त्यांचा शेवटचा कसोटी डाव ठरला.

परिपाठात वाचणाऱ्या विद्यार्थ्याला कागद आदल्या दिवशी द्या आणि एकदा मोठ्याने वाचून घ्या. "हेलसिंकी" आणि "हॉलीज" इथे मुलं अडखळतात, "१५.०६६" हा आकडा तर हमखास चुकतो. "पंधरा दशांश शून्य सहा सहा" असं अक्षरात लिहून द्या. सगळं मिळून दीड मिनिटात बसलं पाहिजे. स्मृतिदिनाच्या ओळीनंतर क्षणभर थांबायला सांगा, नाहीतर निधनाला लागूनच शतकाच्या टाळ्या पडतात.

तपासणी: वहीतली नोंद एकाने वाचावी, फळ्यावरची दुसऱ्याने बोट ठेवून पाहावी. फक्त आकडे आणि आडनावं. पाच मिनिटं लागतात.

## ८. चूक निघाली तर

फलक गुपचूप पुसू नका. ज्या मुलांनी सकाळी वाचलं ती पुन्हा पाहायला येत नाहीत. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात "कालच्या फलकातली दुरुस्ती" असं लिहा आणि दोन दिवस ठेवा. परिपाठातही वाचून दाखवा. ग्रुपवर टाकलेला मजकूर डिलीट केला तरी पुढे गेलेला असतो, म्हणून दुरुस्तीचा वेगळा मेसेज टाका आणि त्यात चुकीचं वाक्यही उद्धृत करा, म्हणजे काय बदललं ते कळतं.

वहीत मूळ नोंद खोडू नका, लाल शाईने शेजारी दुरुस्ती आणि ती सांगणाऱ्याचं नाव लिहा. माझ्या रजिस्टरमध्ये १४ ऑगस्टच्या पानावर १९३६ च्या ओळीपुढे लाल अक्षरात "पाऊस. सामना १५ ला" असं आहे आणि खाली त्या आजोबांची सही आहे. ती मी त्यांच्याकडून मागून घेतली. जूनमध्ये फलकाचं काम दुसऱ्या शिक्षकांकडे जातं तेव्हा वही त्यांना देताना मी ते पान उघडून देतो.